सायकलीचा सरळ तास

समस्त गावकरी, पाहुणेरावळे आणि विशेषतः चिखलीच्या मामाकडची मंडळी, सर्वांनी हातातलं काम क्षणभर बाजूला ठेवावं. वर्तमान अत्यंत गंभीर आहे. आमच्या घरच्या सायकलीची दोन छोटी आधाराची चाकं मे महिन्यातल्या एका सकाळी सहा वाजता, तेरा नंबरच्या पान्याने, कुटुंबीयांच्या उपस्थितीत काढण्यात आली आहेत. चाकं पडवीतल्या खुंटीवर टांगलेली असून ज्यांना अंत्यदर्शन घ्यायचं असेल त्यांनी चहाची वेळ सोडून केव्हाही यावं.

ही घोषणा मी त्या सकाळी खरोखरच अंगणात उभी राहून केली. ऐकायला तिघं होते. माझी भाची, वय वर्षं दहा, सायकलीची मालकीण. तिची आई, हातात भिजवलेल्या कणकेची परात. आणि तिचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो पाना हातात धरून उकिडवा बसला होता. माझी भाषणं त्याला लहानपणापासून ऐकावी लागतात, कारण त्याच्या वाट्याला मोठी बहीण एकच आली आणि ती मी.

"झालं का तुहं?" तो म्हणाला.

"झालं."

"मंग आता तू ऐक." हे तो मला नाही, पोरीला म्हणाला. "शाळा उघडाच्या आधी, घरापासून मोताळ्याच्या शाळेच्या गेटापर्यंत. दोन चाकावर. कोनी धराचं नाही अन् पाय जमिनीले टेकाचा नाही. जमलं तं मोताळ्याची शाळा. नाही जमलं तं दाखला मामाच्या हाती देतो. मंग रडाचं नाही."

"मी कुठी रडतो?" भाची म्हणाली. आमच्याकडे पोरीही पोरांसारखं बोलतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

गावची शाळा चौथीपर्यंत. पाचवीपासून मोताळ्याला जायचं, तीन किलोमीटर. सकाळची एसटी येते, पण शाळेच्या वेळेशी तिचं काही देणंघेणं नाही. त्यामुळे आमच्या गावच्या पोरी सायकलीने जातात. भाचीच्या तीन मैत्रिणी जाणार होत्या आणि कोण पुढे, कोण मागे, हा क्रमही त्यांचा उन्हाळ्यातच ठरला होता. भाचीचा नंबर तिसरा. जागा राखीव होती. अडचण एवढीच की तिला दोन चाकावर बसता येत नव्हतं.

दुसरा रस्ता चिखलीचा. तिथे मामा राहतो. मामा चांगला माणूस आहे, मामी त्याच्याहून चांगली. घरात कूलर आहे, शाळा हाकेच्या अंतरावर आहे आणि भाचीसाठी त्यांनी खिडकीपाशी एक टेबलसुद्धा मांडून ठेवलं होतं. एवढं सगळं असून तिला तिकडे का जायचं नाही, असं मी एकदा विचारलं.

"तिथं सगळे हळूच बोलतात, आत्या."

आमच्या घरात मीठ मागितलं तरी ते विहिरीवर ऐकू जातं. ज्याला तशी सवय लागली, त्याला मामाचं घर दवाखान्यासारखं वाटणारच.

भाऊ काही दुष्ट नव्हता. त्याला फाट्याची भीती होती. आमच्या गावचा रस्ता दोन किलोमीटरवर मोठ्या रस्त्याला जाऊन मिळतो, तिथे उजवीकडे वळायचं आणि पुढे किलोमीटरभर गेलं की शाळा. त्या फाट्यावर विटांचे, रेतीचे, कापसाच्या गठाणींचे ट्रक कसे येतात ते त्याने रोज पाहिलेलं. "ट्रकवाल्याले काय माहीत, आपली पोट्टी कोन्ती," असं तो म्हणे.

सायकलीचं म्हणाल तर ती चुलतभावाकडून आलेली आणि गेली तीन वर्षं चार चाकांवर चाललेली. डावीकडचं छोटं चाक कधीतरी दगडावर आदळून वर वाकलं होतं. त्यामुळे भाची कायम डावीकडे कलून, कोपर बाहेर काढून, पाटलासारखी बसून चालवायची. चाकांचा खडखडाट एवढा की ती वळणावर दिसायच्या आधी कोंबड्या बाजूला व्हायच्या. गल्लीतली पोरं तिला 'ट्रॅक्टर' म्हणत. तिला ते आवडायचंही, पण मोताळ्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टर होऊन जायची तिची तयारी नव्हती.

शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी बुलढाण्याला मुलांना शिकवते, त्यामुळे घरात काहीही शिकवायचं निघालं की सगळे माझ्याकडे बघतात. उन्हाळ्याच्या सुट्ट्या होत्या, मी महिनाभर माहेरी होते आणि मला नाही म्हणता येत नाही. इथे एक कबुली दिली पाहिजे. मला स्वतःला सायकल येत नाही. बारा वर्षांची असताना काकाच्या मोठ्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून, कैची मारून मी तीनदा पडले. चौथ्यांदा पडायला विहीर जवळ होती, म्हणून निवृत्त झाले. ही माहिती मी भाचीला दिली नाही. मास्तराने पोरांना सगळंच सांगायचं नसतं.

शाळा भरली पांदणीत. पांदण म्हणजे शेतांमधून जाणारी वाट. आमची पांदण मागच्या वर्षी रुंद करून मुरूम टाकून दाबलेली, सरळ, एका टोकाला कडुनिंब आणि दुसऱ्या टोकाला बाभूळ. मे महिन्यात शेतं मोकळी, वाट मोकळी, सकाळी सहा ते आठ हवा बरी. आठनंतर ऊन असं उतरतं की सायकलीच्या सीटवर भाकरी शेकावी.

पहिले चार दिवस मी शास्त्रशुद्ध शिकवलं. मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात एक बाई हसत हसत सांगत होती की मुलाच्या मागे हलकेच धावा. मी धावले. हलकेच नाही, कारण मला हलकेच काही जमत नाही. कॅरिअर दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरायचं, वरून "पायडल, पायडल, समोर, ब्रेक, नाही नाही, पायडल" असं बजावत राहायचं आणि दम लागला की सोडून द्यायचं. मी सोडलं की भाची डावीकडे पडायची. दरवेळी डावीकडेच. चौथ्या दिवशी तिचा डावा गुडघा लाल औषधाने रंगला होता आणि उजवा कोरा होता. एका बाजूने रंगवलेलं खेळणं असावं तशी ती दिसत होती.

कडुनिंबाखाली एक म्हातारे गृहस्थ रोज बसलेले असायचे. सगळं गाव त्यांना आबाजी म्हणतं, म्हणून मीही म्हणते. पांढरं धोतर, पांढरी टोपी, पंचाहत्तरी केव्हाच ओलांडलेली. चार दिवस ते एक शब्द बोलले नाहीत. पाचव्या दिवशी तोंडातली तंबाखू गालात सरकवून म्हणाले, "बाई, काय करून राह्यली?"

"सायकल शिकवून राह्यली, आबाजी."

"अस्सं. मले वाटलं, पोट्टी पाडून राह्यली."

भाची धूळ झटकत उठली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, हा तिचा मोठेपणा.

"तुले येते का सायकल?" आबाजींनी विचारलं.

मी इकडेतिकडे पाहिलं. "नाही."

"मले बी नाही येत," ते म्हणाले आणि फार समाधानाने उठले. "मंग दोघं मिळून शिकवू."

आबाजी कोण, हे इथे सांगायला हवं. तिफण म्हणजे तीन दात्यांचं पेरणीचं अवजार, बैल ओढतात आणि मागे माणूस चालतो. एका फेरीत ज्या ओळी पडतात त्याला तास म्हणायचं. पेरणीचा पहिला तास ज्याने घातला त्याच्या मागोमाग बाकीचे तास जातात. पहिला वाकडा गेला की सगळं वावर वाकडं. आणि ही चूक लपत नाही. आठ दिवसांनी ती हिरवीगार होऊन उगवते आणि चार महिने रस्त्याने जाणाराला दिसत राहते. आबाजी त्यांच्या काळात गावातल्या निम्म्या वावरांचा पहिला तास घालून देत. पहाटे त्यांना बोलवायला माणूस यायचा. आता पेरणी ट्रॅक्टर करतो, म्हणून आबाजी कडुनिंबाखाली बसतात.

माझ्या भावाने तरुणपणी एकदा आबाजींना न बोलावता स्वतः तिफण धरली होती. त्या वर्षी आमची ज्वारी अशी उगवली की लोक धुऱ्यावर उभं राहून बघत. धुरा म्हणजे शेताच्या कडेचा बांध. एक जण म्हणे पेरताना साप आडवा गेला असंल, दुसरा म्हणे नाही, साप तिफणीच्या पुढं पुढं गेला. भावाने नंतर बैल विकले. त्या दोन गोष्टींचा संबंध आहे असं आबाजी म्हणतात, भाऊ म्हणतो नाही.

असो. आबाजींनी भाचीला समोर उभं केलं.

"पोरी, तू कुठी पाहून राह्यली व्हती?"

"चाकाकडं."

"चाक कुठी पळून चाल्लं? तिफनवाला बैलाच्या पायाकडं पाह्यते का?"

"मले काय माहीत. मी तिफन कुठी पाह्यली?"

आबाजींनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. खरंच पाहिली नव्हती. मग त्यांनी पोरीला एकही शब्द न बोलता दाखवलं. हात पुढे करून, नसलेल्या बैलांमागे, नसलेली तिफण धरून ते कडुनिंबापासून बाभळीपर्यंत चालत गेले. मान ताठ, नजर लांब बाभळीवर. ते पोचल्यावर आम्ही पाहिलं, तर मुरमातल्या धुळीत त्यांच्या पावलांची रांग दोरीने आखल्यासारखी होती. भाचीने ती रांग नीट वाकून पाहिली.

"वाकडं गेलं तं?" तिने विचारलं.

"गेलं तं गेलं. मागं पाह्याचं नाही. पुढचं पाह्याचं."

मग माझी पाळी आली. "अन् तू बाई, रुमनं दाबून राह्यली," ते म्हणाले. रुमणं म्हणजे तिफणीची मूठ. "दाबलं की तिफन जमिनीत घुसते. हात नुसता ठेवाचा. बैलाले समजलं पाह्यजे का मागं मानूस हाये. बस."

बी.एड.ला मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

लांब बघायचं तर तिथे काहीतरी दिसलं पाहिजे. पेरणीच्या वेळी आबाजी समोरच्या धुऱ्यावर काठी रोवून तिला पांढरी चिंधी बांधत. मी घरी जाऊन दोरीवरचं पहिलं पांढरं फडकं उचललं आणि काठीला बांधून बाभळीपाशी रोवलं. ते भावाचं बनियन होतं, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

तासाभराने भाऊ मोटारसायकलवर शेताकडे निघाला आणि बाभळीपाशी थांबला.

"ताई, ते माह्यं बनेन हाये का?"

"ते निशाण हाये."

"मी सकाळपासून ढुंढून राह्यलो."

"घरात अजून दोन आहेत."

"ते नवे हायेत," तो म्हणाला. जुनं, भोकाचं बनियनच अंगाला बरं वाटतं, ही तक्रार त्या तीन शब्दांत पूर्ण होती.

आबाजी लांबून म्हणाले, "तुह्या तिफनीच्या वक्ती असं बनेन लावलं असतं, तं जवारी सरळ आली असती."

भावाने किक मारली आणि तो निघून गेला.

त्या दिवसापासून आमच्याकडे सायकलीची भाषा बदलली. फेरीला तास म्हणायचं. कॅरिअरला रुमणं. कडुनिंबाकडून निघायचं, बनियनावर नजर, आबाजींचा एक हात कॅरिअरवर नुसता टेकलेला, बाभूळ आली की उतरायचं. आणि मग, तिफण जशी धुऱ्यावर उचलून फिरवतात, तसं सायकलीचं मागचं चाक उचलायचं, सायकल गर्रकन फिरवून तोंड कडुनिंबाकडे करायचं आणि पुन्हा बसायचं. "धुरा आला, उचल," आबाजी म्हणत. भाची उचलायची. मी कडुनिंबाखालच्या दगडावर बसून मोजायची. मी धावायचं बंद केल्यामुळे शिकवणीची प्रगती चांगली होती.

डावीकडे कलणं पाचसहा दिवसांत गेलं. "एका बाजूनं ओढणारा बैल," आबाजी म्हणाले, "त्याले रागवाचं नाही. त्याले लांबचं दाखवाचं."

आबाजींनी हात सोडला तो क्षण मला सांगायचा आहे, पण त्यात सांगण्यासारखं फार नाही. नवव्या किंवा दहाव्या सकाळी भाची निघाली, आबाजी मागे. पांदणीच्या मध्यावर आबाजींच्या चपलेचा अंगठा तुटला. ते थांबले आणि वाकून चप्पल बघू लागले. भाची तशीच बाभळीपर्यंत गेली, उतरली, मागचं चाक उचलून सायकल फिरवली आणि समोर पाहिलं. आबाजी शंभर पावलं लांब होते आणि त्यांच्या हातात चप्पल होती.

"आबाजी, तुमी सोडलं?"

"चप्पल तुटली न पोरी."

भाचीने हँडल सरळ केलं. मग सायकलीवर बसली आणि त्यांना ओलांडून कडुनिंबापाशी आली. "किती झाले?" तिने मला विचारलं.

"सात."

"आठ," ती म्हणाली. "जाताना एक अन् येताना एक."

त्यानंतर रोज चौदा, वीस, पंचवीस तास. सायकल दोरीत जायची. पेरायला बी असतं तर पांदण उगवली असती. मृग लागून गेला, आभाळ कोरडंच होतं. भावाने गावच्या शाळेतून दाखला आणला आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला. मामाचा फोन आला, रविवारी येतो म्हणाला. म्हणून भावाने परीक्षा शनिवारी सकाळी ठरवली. आम्ही तिघं, म्हणजे भाची, आबाजी आणि मी, अगदी निवांत होतो. एखाद्या परीक्षेच्या आधी मी इतकी निवांत असले की काहीतरी राहून गेलेलं असतं, हे मला अनुभवाने माहीत असायला हवं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी तिच्या तिघी मैत्रिणी सायकली घेऊन पांदणीत आल्या. बाभळीपर्यंत चौघी सोबत गेल्या, आमची जराही मागे नाही. बाभळीपाशी तिघींनी हँडल वळवलं, गोल फिरल्या आणि परत निघाल्या. आमची खाली उतरली, मागचं चाक उचललं, सायकल फिरवली, पुन्हा बसली आणि निघाली.

एक मैत्रीण पाय टेकून थांबली. "हे काय करतं बे?"

"काय?"

"उतरली काऊन? वळव ना."

भाचीने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी आबाजींकडे पाहिलं. आबाजी टोपी काढून डोकं पुसत होते.

तीन आठवड्यांत आम्ही पोरीला दोन चाकांवर एकदाही वळायला शिकवलं नव्हतं. तिफणीला मधे कुठे वळायचंच नसतं. वळण हा प्रकार अस्तित्वात आहे, हेच आमच्या शाळेत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. दोन मास्तर होते आणि दोघांनाही सायकल येत नव्हती.

"एकदा पाह्य," मैत्रीण म्हणाली आणि वळून दाखवलं. भाचीने पाहिलं, बसली, बाभळीपाशी हँडल वळवलं आणि बाजूला रचलेल्या पऱ्हाटीच्या गंजीत गेली. पऱ्हाटी म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, चुलीसाठी ठेवतात, आणि ती जशी टोचते तसं दुसरं काही टोचत नाही. दुसऱ्यांदाही गंजीतच गेली. तिसऱ्यांदा गंजीच्या पलीकडे गेली, ही सुधारणा म्हणता येईल, पण गालावर ओरखडा आला. मैत्रिणी आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "सायकल हाये का तिफन," असं एक जण म्हणाली, तेही हळूच.

मी आबाजींना म्हटलं, "आता?"

"वळवाचं काम माह्याकडं नाही, बाई," ते म्हणाले. "मी जनमभर सरळच गेलो."

परत येताना मी भाचीला म्हणाले, मी तुझ्या बाबाशी बोलते, आठ दिवस मागून घेते. मला बोलता येतं, निदान तेवढं येतं. ती सायकल हातात धरून चालत होती.

"नको. मामा रविवारी येते."

"मग फाट्यावर काय करशील?"

"पाहू," ती म्हणाली. हा शब्द तिने माझ्याकडूनच उचललेला आहे. त्याचा अर्थ 'मलाही माहीत नाही' असा होतो, हेही तिला माहीत होतं.

शनिवारी साडेसहाला निघालो. पुढे भाची. मागे मोटारसायकलवर भाऊ, आणि त्याच्या मागे मी, एका बाजूला पाय सोडून. भावाच्या शर्टाच्या खिशात प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत दाखला. मोताळ्याला लागला तर तिथेच शिपायाकडे देऊन येऊ, नाहीतर उद्या मामाला, असं त्याचं सरळ काम. आबाजी कडुनिंबाशी उभे होते. त्यांनी हात वगैरे केला नाही. पोरगी पुढून गेली तेव्हा फक्त तिच्या चाकाकडे पाहिलं आणि मान हलवली, जसं पेरणीनंतर धुऱ्यावरून तास बघून हलवतात.

गावचा रस्ता सरळ आहे. तिने विजेचे खांब धरले होते, हे मला मागून कळलं. एका खांबावर नजर, तो जवळ आला की पुढचा. डावीकडे कलणं नाही, डुगडुगणं नाही. एक दूधवाला समोरून आला, त्यालाच बाजूला व्हावं लागलं. दुसऱ्या किलोमीटरला भाऊ म्हणाला, "सरळ तं बरी जाते."

"आबाजींनी शिकवलं," मी म्हणाले.

"माहीत हाये," तो म्हणाला. मला ज्वारी आठवली, त्यालाही आठवली असावी.

मग फाटा दिसू लागला. बंद टपरी, एक फलक, पलीकडे मोठा रस्ता. भावाने गाडी हळू केली. "पाय टेकला तं गेलं," तो पुटपुटला, मला का स्वतःला, ते कळलं नाही.

भाची फाट्यापाशी पोचली आणि दोन्ही ब्रेक दाबून थांबली. खाली उतरली. दोन्ही पाय जमिनीवर, चांगले स्पष्ट, कुणाला वाद घालायला जागा नाही असे. मग एका हाताने सीट धरून मागचं चाक उचललं, सायकल उजवीकडे फिरवली, खाली ठेवली आणि तशीच उभी राहिली. डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. विटांचा एक ट्रक भोंगा वाजवत आला आणि तिच्यापासून दहा पावलांवरून गेला. तिची ओढणी उडाली, ती हलली नाही. धूळ खाली बसल्यावर तिने पुन्हा दोन्हीकडे पाहिलं.

भावाने गाडी तिच्या बाजूला नेऊन उभी केली. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, मान दिसत होती.

"उतरली काऊन? पाय टेकाचा नाही म्हन्लं व्हतं ना?"

भाचीने त्याच्याकडे पाहिलं, या माणसाला एवढंही कसं कळत नाही अशा नजरेने.

"धुरा आला न, बाबा."

आणि सायकल हाताने पलीकडच्या कडेला नेऊन, बसून निघाली.

भावाने लगेच गाडी चालू केली नाही. ट्रक गेला तिकडे तो पाहत होता. टपरीच्या पत्र्यावर एक कावळा चालत होता. मग भावाने किक मारली, पहिली फुकट गेली, दुसरीला गाडी सुरू झाली. भाची तोवर बरीच पुढे गेली होती. मोठ्या रस्त्याच्या कडेने, पांढऱ्या पट्ट्याच्या आतून, दोरी लावल्यासारखी.

शाळेच्या गेटापाशी ती आमच्या आधी पोचलेली. गेट बंद होतं, सुट्टीच होती. शिपाई गेटाला निळा रंग देत होता. तो आमच्याच गावचा, त्यामुळे गावातली प्रत्येक बातमी त्याच्याकडे आमच्याआधी पोचते. त्याने भाचीकडे पाहिलं, तिच्या गालावरच्या ओरखड्याकडे पाहिलं, ब्रश डब्यात ठेवला आणि भावाला म्हणाला, "काय भाऊ, इकडे कुठी? पोट्टी तं चिखलीले चाल्ली ना? उद्या मामा न्याले येऊन राह्यला म्हन्ते."

भाची सायकलीला धरून उभी होती. ती आता बापाकडे बघत नव्हती, लांब कुठेतरी बघत होती, बहुतेक एखाद्या खांबाकडे. भावाचा हात खिशातल्या पिशवीवर होता. बघतो, ठरवतो, विचार करून सांगतो, असं काहीतरी तो म्हणणार होता. मी त्याला पंचेचाळीस वर्षं ओळखते, त्याचं तोंड तसंच उघडलं होतं. पण बाहेर आलं ते हे:

"कोनं सांगतलं तुले? सारा रस्ता सरळ हाये, एकच तं धुरा हाये मंधात."